काय खाल्लं की पाय वळवळतात

८ सप्टेंबर, सोमवार

आज सुरुवात. वही प्राचीनं दिलेली, निळ्या पुठ्ठ्याची. पोरगी नागपूरला बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला, त्यामुळे घरातली अर्धी डॉक्टर तीच. फोनवर म्हणाली, "आई, रोज लिही. काय खाल्लं, किती वाजता, पाय कसे होते. महिनाभरात कळते कोणतं खाणं बाधून राहिलं ते."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. रक्तात लोह कमी, त्याच्या गोळ्या सुरू. आजाराचं नाव इंग्रजी, लांबलचक. "चहा किती घेता? कॉफी? खर्रा?" तंबाखूचा खर्रा ऐकून मी म्हटलं, नाही हो बाप्पा. काही जणांना ठराविक खाण्यानं वाढतं म्हणे. प्रत्येकाचं वेगळं. आपलं आपण शोधायचं.

बावीस वर्षं कंपनीच्या लॅबमध्ये नमुने तपासले, आता स्वतःलाच तपासायचं. लॅबचाच नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

व. म्हणजे वळवळ. ० ते ५. पाच म्हणजे उठून अंगणात फेऱ्या मारल्याशिवाय सुटका नाही.

आज व. ४. सं. सातला टीव्हीसमोर बसले आणि सुरू. मुंग्या नाहीत, दुखणं नाही. पोटरीच्या आतून कोणी सुतळी ओढावी तसं. पाय हलवला की थांबतं, ठेवला की पुन्हा.

हे काही बोलत नाहीत. पण यांना पाचला उठावं लागतं. कंपनीची बस यांच्या हातात, बेचाळीस माणसं. रात्रभर माझ्या लाथा खायच्या आणि सकाळी स्टिअरिंग धरायचं.

१० सप्टें.

चहा बंद. डोकं ठणकतंय. लॅबमध्ये सगळ्यांवर चिडले. व. ४.

१५ सप्टें.

चहा बंद करून पाच दिवस. व. ३. एक आकडा उतरला. म्हणजे चहाचा हात आहे, पण सगळा दोष त्याचा नाही.

मीना म्हणाली, "चहा सोडला तं आता जगतं काहून?" मीना पॅकिंगमध्ये आहे, आंधळगावची, बसमध्ये चौदा वर्षांपासून माझ्या शेजारची. दुपारचा डबाही एकत्रच. आज तिनं जवसाची चटणी आणि चिंचेतलं वांगं आणलं होतं. मी वरण-भात.

१७ सप्टें., बुधवार

सकाळी पुलाच्या अलीकडे बस एकदम डावीकडे गेली. करकचून ब्रेक. सगळे पुढे आपटले. सुपरवायझरच्या कपाळाला टेंगूळ. हे म्हणाले, "गाय आली होती."

मी खिडकीतच होते. गाय नव्हती.

मीना कानात म्हणाली, "भाऊजींचे डोळे लागले होते वं. म्या आरशात पाह्यलं."

घरी विचारलं. आधी नाही म्हणाले, मग खाली बघत, "क्षणभर लागले असन." मी म्हटलं, आजपासून मी समोरच्या खोलीत झोपते. म्हणाले, "नको. तिकडे तू एकटी चालत राहशीन, मले इकडे ऐकू येते. एकच आहे."

रात्री स्वतः दूध तापवून आणलं. हळद, जायफळ, साखर. "प्राची म्हणे दुधानं झोप लागते." सव्वीस वर्षांत या माणसानं चूल पेटवलेली मी दोनदा पाहिली. दूध उतू गेलेलं होतं, भांड्याची कड जळलेली. पण ग्लास भरून आणला.

२० सप्टें.

झोप गाढ. पण ती लागण्याआधी तासभर काय झालं ते लिहवत नाही. व. ५. आतापर्यंतचा पहिला पाच. दोन्ही पाय, आणि आज डावा हातही.

सकाळी डोकं जड, जीभ टाळूला चिकटलेली. दिवसभर पाणी पीत राहिले.

यांची झोप चांगली झाली. तेवढंच.

२५ सप्टें.

व. ५, ४, ५, ५. चहा सोडूनही वाढतंय. आता काय सोडू?

सोडलेलं आतापर्यंत: चहा. कोकोची बिस्किटं. साखरेचे पेढे. बटाटा (आठवडाभर, काही फरक नाही, परत सुरू).

हे पाय दाबून देतात. तिळाचं तेल कोमट करून. बोटं ड्रायव्हरची, जाड, पण हळू. लाज वाटते आणि बरंही वाटतं. बुद्धविहारातल्या बायकांना सांगितलं तर म्हणाल्या, नशीब काढलं.

२८ सप्टें., रविवार

आज डोक्यात आलं, नवीन काय सुरू केलं? दूध. सतरा तारखेपासून. वाढलं कधीपासून? सतरा-अठरापासूनच.

यांना म्हटलं, आज रात्री दूध नको, मी संध्याकाळीच घेऊन बघते. चेहरा उतरला. "दूध काय करते? लहान पोरं पेतात दूध."

सहा वाजता मी स्वतः केलं. तेच पाकीट, तीच हळद. ग्लासभर.

रात्री व. २.

म्हणजे दुधाचा काही दोष नाही. उगाच संशय घेतला. यांना सांगितलं, उद्यापासून तुम्हीच द्या, माझं चुकलं. हसले नाहीत. डोक्यावर हात ठेवला नुसता.

मग आज कमी का? रविवार. आज काय नव्हतं?

मीनाचा डबा नव्हता.

१ ऑक्टोबर

काल परत व. ५. सोमवारी मीनाकडची भेंडी, काल तिच्या घरचं लोणचं.

आज बसमध्ये तिनं पिशवी उघडली, बेसनाची पाटोडी आणली होती. मी म्हटलं, नको. "एक घे नं." नको म्हटलं ना. "काहून?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चार सीट ऐकतील एवढ्या आवाजात: "तुझ्या डब्यानंच होते मले. तुझ्या घरचं मी आता नाही खात."

मीनानं पाटोडी परत आत ठेवली. पिशवीची गाठ बांधली. कंपनीचं गेट आल्यावर आधी उतरली. दुपारी पॅकिंगच्या बायकांत जाऊन बसली.

मला विज्ञान कळतं असं मला वाटतं. वाटलं, बरोबरच केलं.

३ ऑक्टो.

मीनाच्या डब्याशिवाय तीन दिवस. व. ५, ५, ४. काहीच कळत नाही.

मीना आता मागच्या सीटवर बसते.

७ ऑक्टो., पौर्णिमा

विहारात वंदना. मांडी घालून बसवेना, भिंतीशी उभी राहिले. पंचशील घेताना यांचा आवाज सगळ्यात वरचा. नेहमीच असतो. लोक म्हणतात, सुधाकर म्हणतो तसं कोणी म्हणत नाही, एकेक शब्द स्वच्छ.

घरी येऊन दूध. व. ५.

आज पहिल्यांदा रडले. खाण्यात उरलंय काय? भात, वरण, मीठ, लोहाची गोळी. चार किलो वजन उतरलं. लॅबमधले सर म्हणाले, मॅडम, डाएट करता का?

१२ ऑक्टो., रविवार

सिहोऱ्याला यांचे चुलतभाऊ वारले. जलदान विधीला हे सकाळीच निघाले. धान कापणीला आलंय आणि त्या घरी माणूस नाही, म्हणून दोन-तीन दिवस थांबतील. बसवर बदली ड्रायव्हर.

जाताना चार वेळा: "दूध घेजो. विसरू नको."

स्वतः करून घेतलं. व. १.

१३ ऑक्टो.

व. १. दूध घेतलं. कंटाळून वांग्याची भाजीही केली, चिंच घालून. आणि सोडून महिना झाला तो चहा, एक कप, सकाळी. करायचं ते करून घ्या म्हटलं पायांना.

व. १ च.

१४ ऑक्टो.

व. ०.

शून्य लिहिताना पेन थांबलं. खात्री करायला दहा मिनिटं पाय लांब करून बसून राहिले. शून्यच.

कामाचा ताण कमी? घरात एकटी म्हणून? लोहाची गोळी लागू पडली? असेल. महिना झाला आता.

यांना फोन करून सांगितलं. खूश होतील वाटलं. नुसते म्हणाले, "हो का. बरं झालं. उद्या येतो मी."

१५ ऑक्टो.

हे आले. थकलेले, हातावर धानाच्या पात्यांचे ओरखडे. तरी रात्री दूध केलंच. व. ५.

तेच पाकीट. तीच हळद. तेच जायफळ, मी काल किसलं त्यातलंच उरलेलं. तोच ग्लास.

फरक एकच आहे.

लिहिणार नाही. लिहिलं की खरं होईल. माणूस पाय दाबून देतो माझे.

१६ ऑक्टो.

लिहिते. लॅबमध्ये दुसऱ्याच्या नमुन्याचं लिहिलंच असतं.

आज "घेते" म्हणून ग्लास घेतला, मोरीत ओतला, तोंड पुसत बाहेर आले. तळाशी हळदीखाली पांढरा गाळ. जिभेला लावून पाहिला. कडू. जायफळाचा कडवटपणा मला माहीत आहे, हा तो नव्हता.

व. १.

१७ ऑक्टो.

परत ओतलं. व. १. सकाळी डोकं हलकं, तोंड ओलं.

बसमध्ये त्यांच्या मानेकडे पाहत बसले. कॉलर मीच धुतलेली.

१८ ऑक्टो., शनिवार

कपाटावरच्या दाढीच्या डब्यात. सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट. दहातल्या तीन शिल्लक. खाली अजून एक रिकामं.

ओट्यावर ठेवलं. ते ड्यूटीवरून आले, पाहिलं, चप्पल काढायची राहिली.

"हे काय आहे?"

"सर्दीची."

"कोणाले सर्दी झाली?"

त्यांनी पाकीट उलटं करून ठेवलं.

"दुधात टाकता?"

"अर्धी." मग, "कधी एक."

"कधीपासून?"

"पुलावरच्या त्या दिवसापासून."

"काहून?"

"तुले झोप लागावी म्हणून." खुर्चीत बसला. चप्पल तशीच पायात. "मले झोप लागावी म्हणून. बेचाळीस माणसं आहेत मांगं, छाया. त्या दिवशी नदीत गेली असती बस. तू बी होती त्यात."

"मले सांगतलं असतं तं मी घेतली नसती का?"

"नसती घेतली. तू म्हटलं असतं, आधी वहीत काय लिहू."

म्हटलंच असतं मी.

मग म्हणाला, "मी माह्या मनानं नाही केलो. प्राचीले विचारलं होतं."

१९ ऑक्टो.

प्राचीला फोन. काही विचारायच्या आधीच तिकडून, "बाबानं सांगतलं का?"

मी म्हटलं, तू सांग.

पोरगी भडाभडा बोलली. बाबा रडत होते फोनवर, बसचं सांगून. तिनं म्हटलं, सर्दीच्या साध्या गोळीनं गुंगी येते, अर्धी द्या दोन-चार दिवस, आईला सांगू नका, ती औषधाला घाबरते. मग पंधरा दिवसांनी वर्गात एका मॅडमनी शिकवताना सांगितलं, अशा गोळीनं काहींच्या पायांची वळवळ वाढते. "मी त्याच दिवशी बाबाले फोन केला, आई. म्हटलं बंद करा. ते हो म्हणले."

"आणि मले?"

"बाबा म्हणले, आता बंदच करतो, तुह्या आईले कायले सांगतं."

म्हणजे ऑक्टोबरच्या दोन-तीन तारखेला तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. त्यानंतरची पानं मी उलटून पाहिली. ४. ५. ५. पौर्णिमा, ५. मी भात आणि मीठ खात होते. रोज संध्याकाळी तिला फोनवर आकडे वाचून दाखवत होते आणि ती म्हणत होती, "लिहीत राह्य, आई."

अर्धी गोळी मी माफ केली असती कदाचित. ती पुलावरची भीती मलाही आहे. पण कळल्यावरही? ग्लास हातात देताना त्याला माहीत होतं की आता तासाभरानं ही अंगणात चालणार आहे. मग गुंगी येऊन पडेल. त्या एका तासाचं मोल त्यानं माझ्याकडून वसूल केलं आणि स्वतः झोपला.

आणि पाय दाबून दिले वर.

२० ऑक्टो.

विहारात गेले नाही.

खोटं न बोलण्याचं चौथं शील या घरात सगळ्यांना पाठ आहे.

२२ ऑक्टो.

स्वयंपाक माझा मी करते. त्याचाही करते. तो वाढून घेतो. माझ्या पाण्याची कळशी मी आता झोपते त्या समोरच्या खोलीत ठेवली आहे. त्यानं पाहिलं.

व. १.

२४ ऑक्टो.

डॉक्टरांकडे एकटी गेले. वही दाखवली. ते पानं उलटत गेले, सतरा सप्टेंबरला थांबले, पुढे गेले, बारा ऑक्टोबरला थांबले. "इथे काय बदललं?"

सांगितलं.

पेन खाली ठेवलं. म्हणाले, हो, या गोळ्यांनी काहींचं वाढतं, म्हणूनच पहिल्या दिवशी विचारलं होतं की आणखी काही औषध घेता का. मी नाही म्हटलं होतं. तेव्हा खरंच घेत नव्हते. लोह भरायला काही महिने जातील. चहा जेवणाबरोबर नको, गोळीही त्याच्याबरोबर नको. बाकी वांगं, चिंच, लोणचं सगळं खा. "वही चांगली ठेवली तुम्ही. यात सगळं आहे."

सगळं नाही. मला जे माहीत नव्हतं ते मी लिहूच शकत नव्हते.

निघताना म्हणाले, "मिस्टरांना एकदा घेऊन या." मी मान हलवली. हो की नाही, मलाच माहीत नाही.

२५ ऑक्टो.

मागचं वाचून पाहिलं. अठरा तारखेला मधूनच "ते" संपतात आणि "तो" सुरू होतो. खुर्चीत बसला, तिथून. सव्वीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं, बोलले नव्हते. दुरुस्त करायला पेन उचललं. राहू दिलं.

२६ ऑक्टो., रविवार

कॉलेजला दिवाळीची सुटी. प्राची आली. दारातच गळ्यात पडायला आली, मी हातातली बादली खाली ठेवली नाही.

दुपारी तिनं पाटोडीचा रस्सा केला. ताट माझ्यासमोर ठेवलं. वास चांगला होता, भूक होती. हात पुढे जाईना.

म्हटलं, "आधी तू खा."

आधी समजलं नाही तिला. समजलं तेव्हा तोंड लहान पोरीसारखं झालं. खाली बसली, माझ्याच ताटातून भाकरी मोडली, रश्शात बुडवली, खाल्ली. दुसरा घास. तिसरा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पुसत नव्हती, खात होती. मी बघत होते. थांब म्हणायला मला पाच घास लागले.

मग मी जेवले. तिखट बरोबर जमलं होतं.

तो बाहेर पायरीवर बसून होता. त्याला सगळं ऐकू गेलं असणार. आम्ही बोललोच नाही काही, तरी.

२८ ऑक्टो.

प्राची सकाळच्या गाडीनं गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मी भेली होती, आई. तू चिडशीन म्हणून नाही. बाबा बस कुठं घालन म्हणून."

म्हटलं, पोहोचल्यावर फोन कर. केला.

३० ऑक्टो.

आज मीनाच्या शेजारी जाऊन बसले. मागची सीट. ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली. धान कापलेली बांधी, पेंढ्या, दुसरं काही नव्हतं बघण्यासारखं.

म्हटलं, तुझ्या डब्याचं नव्हतं.

"मंग कायचं होतं?"

सांगितलं. सगळं, हळू आवाजात, समोर तो बस चालवत असताना. मीनानं एकदा आरशाकडे पाहिलं.

"माह्या सासूनं चौदा वर्सांपयले म्हटलं होतं, त्यायच्यासंगं डबा नको खात जाऊ. मी तिच्यासंगं भांडून खाल्ला तुह्यासंगं. अन् तू बसभर लोकायसमोर म्हणते, तुह्या घरचं नाही खात." थांबली. "मले वाटलं, आता हिलेच आमचं नको झालं."

मला हे सुचलंच नव्हतं. चार आठवडे. पायांशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं मला.

माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "पाहू." दुपारी डबा घेऊन आली नाही. पण संध्याकाळी उतरताना म्हणाली, "काय खातं आता तू? हाडं निघाले वं तुहे."

५ नोव्हें.

त्यानं आज सांगितलं, बस सोडली. स्वतःच जाऊन ट्रान्सपोर्टच्या साहेबांना म्हणाला, झोप होत नाही, माणसं नेणं जमणार नाही. त्यांनी दिवसपाळीत वर्कशॉपला घेतलं. पाच मिनिटांत झालं म्हणे. साहेब म्हणाले, आधी काहून नाही सांगितलं.

त्याला वाटलं मला बरं वाटेल.

पाच मिनिटांत होणारं होतं. सतरा सप्टेंबरला जाऊन बोलला असता तर. त्याला लाज वाटली साहेबांसमोर, आणि माझ्या दुधात गोळी कुटताना वाटली नाही.

हे त्याला बोलून दाखवलं. "खरं आहे," म्हणाला. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

१० नोव्हें.

दहा दिवस व. ० नाहीतर १. मीना आज डबा घेऊन आली, लाखोरीच्या डाळीचे वडे. तीन खाल्ले. घरी येऊन पाय लांब करून बसले. शून्य.

रात्री त्यानं दारातून विचारलं, "मी इथं झोपू?" समोरच्या खोलीत मी एकटी झोपते अठरा तारखेपासून. म्हटलं, अजून नाही. "बरं" म्हणाला. अजून हा शब्द मी का वापरला माहीत नाही.

१४ नोव्हें., शुक्रवार

व. ४.

सं. साडेसात. वाती करत बसले होते उद्याच्या वंदनेसाठी. उजव्या पोटरीत सुतळी. आधी वाटलं भास. मग डावीतही.

आज खाल्लेलं: सकाळी पोहे, दुपारी भात, मीनाकडची मेथी, चारला पेरू. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर. चहा नाही. सर्दी नाही, गोळी नाही. पाणी माझ्या कळशीतलं.

उठून आधी कळशीत डोकावले, मग स्वयंपाकघरात गेले. मेथीच्या डब्याचा वास घेतला. मीठ चाखलं. साखर चाखली. वळले तर तो दारात उभा.

"मी काहीच नाही केलो, छाया."

मी विचारलं नव्हतं.

त्यानं स्वतःचे खिसे बाहेर काढले. रुमाल, कंगवा, वर्कशॉपचा पास. ओट्यावर मांडले. मी पाहिले. मग दाढीचा डबा आणून उघडला. तोही पाहिला. त्यात वस्तरा आणि तुरटी.

डॉक्टर म्हणाले होते, मधूनमधून येईल, लोह भरेपर्यंत. तेच असेल. मेथी असेल. दिवसभर लॅबमध्ये उभी होते, ते असेल. तो खरं बोलत असेल. बोलतच असेल बहुतेक. त्याच्या तोंडाकडे पाहून मला पूर्वी कळायचं, किंवा कळतं असं वाटायचं.

अंगणात आले. पायांना चालायचं होतं, चालले. गेटपासून मोरीपर्यंत, परत. थोड्या वेळानं तोही बाहेर आला. माझ्याजवळ नाही, पलीकडच्या भिंतीला धरून, माझ्याच चालीनं चालू लागला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

मी त्याला आत जा म्हटलं नाही. इकडे ये, असंही नाही. आठ-दहा फेऱ्या झाल्या असतील.